वंगणाचा हिशेब

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की पहिलं स्टेशन लागतं चुडावा. परभणी जिल्ह्याच्या पूर्व कडेला, पूर्णा तालुक्यातलं हे गाव. भोवती काळी रानं, पावसाळ्यात चिखल आणि फाल्गुनापासून मृगापर्यंत नुसता फुफाटा. गेल्या सव्वाशे वर्षांत या पट्ट्यातून बैलगाडी, वाफेचं इंजिन, बस, ट्रक, ट्रॅक्टर, जीप अशी नाना तऱ्हेची चाकं फिरली. प्रत्येकाला वंगण लागायचं आणि प्रत्येकाच्या मालकापुढे प्रश्न एकच असायचा: किती तेल खाल्लं तर चालेल, आणि कितीच्या पुढे खोलावं लागेल? या प्रश्नाच्या उत्तरावर मराठवाड्यात एक अख्खा कारागीरवर्ग उभा राहिला. त्याची नोंद मात्र फारशी कुणी ठेवली नाही.

सुरुवात बैलगाडीपासूनच करावी लागते. आसाला वंगण दिलं नाही तर चाक करकरतं, बैल दमतो आणि आस झिजतो. म्हणून गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असे. त्यात बहुधा एरंडेल आणि एक चिंधी. मराठवाडा तेव्हा ज्यात होता ते निजामाचं हैदराबाद संस्थान एरंडीच्या पिकासाठी हिंदुस्थानात नावाजलेलं होतं. हे तेल दिव्यात जळे, औषधात जाई आणि एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या रेल्वेही इंजिनं-डब्यांच्या वंगणासाठी ते सर्रास वापरत. एरंडेल दाट असतं आणि तापलेल्या धातूला घट्ट चिकटून राहतं, हा त्याचा गुण. इंग्लंडमधल्या वेकफिल्ड कंपनीने 1909 च्या सुमारास मोटारी-विमानांसाठी काढलेल्या तेलात एरंडेल होतं, आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. दोष असा, की फार तापलं की ते राळेसारखं चिकट होऊन बसतं. पुढे पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांत रिंगा जाम होण्याचं जे दुखणं मिस्त्रींच्या रोजच्या कामाचं झालं, ते या तेलात आधीपासूनच होतं.

1900 च्या आसपास निजामाच्या रेल्वेने मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज लाइन टाकली. पूर्णा पुढे जंक्शन झालं. तिथे वाफेच्या इंजिनांचं लोकोशेड होतं आणि वाफेच्या शेवटच्या काळापर्यंत वायपी आणि वायजी जातीची इंजिनं तिथून निघत. वाफेच्या इंजिनात तेल खाणं हा बिघाड मानलाच जात नाही. सिलिंडरात वाफेबरोबर तेल सोडायचं, ते काम करून वाफेबरोबरच धुराड्यातून निघून जायचं. परत काही येत नाही. म्हणून तेल मोजून मिळे आणि मोजूनच सोडलं जाई. ज्या इंजिनांना साइट-फीड ल्युब्रिकेटर असे, त्यांच्या काचेच्या नळीत तेलाचा एकेक थेंब पाण्यातून वर चढताना ड्रायव्हरला दिसे. थेंब दाट येऊ लागले तर चावी आवळायची, विरळ झाले तर सैल करायची. इंजिनाची भूक अशी डोळ्यांना दिसण्याची सोय नंतर कुठल्याच गाडीत राहिली नाही.

पिस्टनच्या रिंगाही रेल्वेनेच दिल्या. आधी पिस्टनभोवती सणाचं पॅकिंग असे. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने 1852 मध्ये फटीची, स्वतःच्या ताणाने सिलिंडरला चिकटून राहणारी धातूची रिंग आणली. आजच्या ट्रकच्या पिस्टनवर बसते ती याच रिंगेची नात. दोन कॉम्प्रेशनच्या, एक ऑइलची. वरच्या दोघी वायू अडवतात, खालची सिलिंडरवरचं जास्तीचं तेल खरवडून तळाच्या ऑइलच्या चेंबरात परत पाठवते. ही तिसरी रिंग कार्बनने बसली की इंजिन तेल पिऊ लागतं.

रस्त्यावरचा इतिहास 1932 चा. त्या वर्षी निजाम सरकारच्या रेल्वेने 27 बस आणि 166 नोकर घेऊन मोटार वाहतूक सुरू केली. गाड्या अल्बियन बनावटीच्या होत्या. 1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये इथली बस महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात सामील झाली. तोवर टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले होते. त्यातूनच ते 697 इंजिन निघालं, ज्याच्या आवाजावर मराठवाड्यातल्या दोन पिढ्या गाडी ओळखत. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर, म्हणून 697; चार सिलिंडरचं ते 497. मिस्त्रीला पार्ट मागवताना पुस्तक उघडावं लागत नसे, निम्मी माहिती आकड्यातच होती.

शेतातही इंजिन आलं. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने 1930 च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. पुण्यात 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. विहिरीवर ठक-ठक करणारं एक सिलिंडरचं संथ इंजिन मराठवाड्यात पोचलं, 1972 च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या तसं तेही वाढलं. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांनी पूर्णा-वसमतच्या काळ्या रानात ऊस, केळी, हळद आणली, आणि त्यांच्यामागून ट्रॅक्टर. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 मध्ये ट्रॅक्टर सुरू केले; गावोगावचे मिस्त्री त्यांच्यावरच हात बसवून तयार झाले.

आता धुळीकडे वळायला हवं, कारण या भागात इंजिन ऑइल का खातं याचं सगळ्यात मोठं उत्तर धूळ हेच आहे. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल-बाथ एअर क्लीनर असे: खाली वाटीत ऑइल, वर जाळी. आत जाणारी हवा ऑइलवरून वळते, धूळ ऑइलात बसते. वाटी रोज काढून गाळ टाकायचा, खुणेपर्यंत ताजं ऑइल भरायचं. हे काम दोन मिनिटांचं, पण सुगीत सुटतं ते नेमकं हेच. ट्रॅक्टर दिवसभर मळणीयंत्राला, म्हणजे गावच्या भाषेत हडंब्याला, जोडलेला असतो. तो एका जागी उभा आणि भोवती भुशाचा ढग. वाटीत गाळाचे थर साचतात, हवा वाट काढून बाजूने शिरते आणि बारीक माती रिंग-लायनरच्या मधे जाऊन पॉलिशपेपरचं काम करते. एका हंगामात निष्काळजीपणामुळे झालेली झीज पुढे पाच वर्षं ऑइलच्या डब्यांनी भरून काढावी लागते.

चांगला मिस्त्री इंजिन खोलण्याआधी बराच वेळ नुसता पाहतो. पहिली गोष्ट, ऑइल जळतंय की गळतंय? चेंबरच्या पॅकिंगला, क्रँकच्या सीलला, टॅपेट कव्हरला ओल आहे का? गाडी रात्रभर उभी होती तिथल्या जमिनीवर डाग आहे का? अनेकांनी पिस्टन बदलून घेतले आणि नंतर कळलं की ऑइल इंजिनाच्या चुलीत, म्हणजे सिलिंडरात जळायला, गेलंच नव्हतं, रस्त्यावर सांडत होतं. गळती नसेल तर धूर पाहायचा. काळा धूर पंप-नोझलचा किंवा तुंबलेल्या एअर क्लीनरचा, निळसर धूर ऑइलचा. निळा धूर केव्हा येतो, यावर पुढचं ठरतं. गाडी बराच वेळ निवांत चालू ठेवून एकदम रेस दिल्यावर भसकन एक लोट आला आणि मग धूर साफ झाला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइड-सीलवर. चढावर, भरल्या गाडीत, सतत धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर.

मग ऑइल भरायचं झाकण काढून तळहात धरायचा. फक-फक करून वाफ हाताला लागली, तर रिंगांच्या बाजूने वायू खाली उतरतोय. कॉम्प्रेशन गेज ज्याच्याकडे आहे तो पेट्रोल इंजिनात आकडा बघतो, सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडतो आणि पुन्हा बघतो. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. हे सगळं आजच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. पण कित्येक मिस्त्री हे उस्तादाच्या पाठीमागे पाना धरून उभं राहत शिकले, आणि त्यांचं निदान सहसा चुकत नसे. या विद्येचा मान त्यांना कधी मिळाला नाही, ही खंत नोंदवायलाच हवी.

किती खाल्लं तर चालेल, याचं उत्तर गाडीगणिक बदलतं. आजच्या कित्येक मोटारींच्या मालकपुस्तिकेतही हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जाणं सामान्य मानलेलं असतं, काहींत त्याहून जास्त. म्हणजे थोडं ऑइल लागणं हा रोग नव्हे. रोज सकाळी इंजिन थंड असताना ऑइल मोजायची काडी काढून पाहणारा ड्रायव्हर दोन खुणांच्या मधे पातळी ठेवून जुनं इंजिन वर्षानुवर्षं चालवू शकतो. प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप अशाच चालल्या, किलोमीटरचा काटा कधीच बंद पडलेला आणि सीटखाली ऑइलचा डबा. मात्र खाणं अचानक वाढलं, तर नुसतं ओतत राहणं चुकीचंच. काही जण ओतायला सर्व्हिसिंगमध्ये काढलेलं काळं ऑइल वापरत. ते ऑइल मेटल खातं. वाचवलेले शंभर रुपये पुढे क्रँकच्या कामात हजारोंनी जातात. उलट अति भरणंही वाईट. चेंबरातलं ऑइल खुणेच्या वर गेलं की क्रँक ऑइलात आपटतो, फेस होतो आणि ते ब्रीदरवाटे बाहेर किंवा चुलीत जातं.

सगळ्यात भीतीचा प्रसंग म्हणजे डिझेल इंजिन पळणं. टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल-बाथची वाटी फार भरली, की इंजिन हवेबरोबर ऑइल ओढतं आणि त्यावरच चालू लागतं. चावी बंद केली, डिझेल तोडलं, तरी थांबत नाही. आरपीएम चढतच जातो, निळ्या धुरात गाडी दिसेनाशी होते. अशा वेळी हवा तोडणं हा खात्रीचा उपाय. हवा घेणाऱ्या तोंडावर घट्ट फळी दाबायची आणि हात मात्र आत जाऊ द्यायचा नाही.

आणि शेवटी खोलावंच लागलं, तर ‘इंजिन काम’. हेड उतरतं, पिस्टन निघतात, लायनरच्या वरच्या कडेला नख लावून पायरी लागते का ते बघतात. ज्या इंजिनात लायनर बदलतो तिथे नवा बसतो. जिथे ब्लॉकलाच बोअर आहे, तिथे ब्लॉक नांदेड किंवा परभणीला बोअरिंगच्या दुकानात जातो. बोअर वाढवून वीसचा, चाळीसचा पिस्टन टाकतात. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांचे. मग होनिंग. सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठल्या पाहिजेत, त्या रेघांतच ऑइल टिकतं आणि त्यांवरच नव्या रिंगा बसतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत राहिली तर नवं सामान टाकूनही इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खातं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. गाडी बाहेर पडली की सुरुवातीचे काही दिवस भार कमी ठेवायचा. अशी दोन-तीन कामं झालेली 697 इंजिनं रस्त्यावर सर्रास होती. ब्लॉक तोच, फक्त झिजलेलं सामान बदलत गेलेलं.

पूर्णेतून वाफेचं इंजिन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आल्यावर गेलं. पूर्णा-अकोला लाइनही 2008 मध्ये रुंद झाली. रस्त्यावरचा बदल संथ होता, पण तितकाच मूलगामी. 1989 च्या मोटार वाहन नियमांनी धुराला मर्यादा घातली, तरी जुन्या गाड्या पुढे बरीच वर्षं निळा धूर सोडत धावल्या. देशभर एप्रिल 2017 पासून बीएस-4 आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात काजळी धरणारा फिल्टर असतो. काजळी तो जाळून साफ करतो, पण जळलेल्या ऑइलची राख जळत नाही. ती साठत राहते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, ट्रकांना उदाहरणार्थ सीके-4 दर्जाचं, ऑइल सांगितलेलं असतं, आणि पूर्वी जे दुखणं डब्यावर डबा ओतून चालवून नेता यायचं, ते आता फिल्टर तुंबवून गाडी रस्त्यातच थांबवतं. फिल्टरची किंमत पुष्कळदा जुन्या इंजिनाच्या अख्ख्या कामाहून जास्त.

त्यामुळे मिस्त्रीचं कामही सरकलं आहे. आता तो आधी इंटरकूलरचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का पाहतो, टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून खेळ किती ते तपासतो, ब्रीदरचा व्हॉल्व्ह बदलतो आणि मगच रिंगांकडे येतो. स्कॅनर लावावा लागतो, तो महाग असतो आणि दर नव्या मॉडेलला त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यावं लागतं. ट्रॅक्टर मात्र अजून बऱ्याच प्रमाणात जुन्याच रीतीने दुरुस्त होतात, आणि सोयाबीनची मळणी आटोपल्यावर बोअरिंगच्या दुकानांत ब्लॉकांची रांग लागते.