कृत्रिम माशी (बास व ब्लूगिल माशांसाठी)

गळावर पिसे, केस, बूच, रबर इ. दोऱ्याने बांधून तयार केलेले आमिष. उत्तर अमेरिकेतील उबदार तळी व संथ नद्यांतील बास (मायक्रोप्टेरस प्रजाती) आणि ब्लूगिल (लेपोमिस मॅक्रोकायरस) या सेंट्रार्किडी कुलातील माशांसाठी ती वापरतात.

निवड : ब्लूगिलचे तोंड लहान असल्याने त्यास ८ ते १२ क्रमांकाचे बारीक गळ लागतात; या मापांत क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो. मोठ्या तोंडाच्या बाससाठी २ ते २/० क्रमांकाचे गळ योग्य ठरतात. सकाळ-संध्याकाळी उथळ, शांत पाण्यावर तरंगणारा बुचाचा वा फोमचा ‘पॉपर’ उपयुक्त असतो; ऊन चढल्यावर बुडणारी माशी खोलवर पोहोचते. पाणवनस्पती दाट असल्यास गळाच्या टोकापुढे तारेचा वा नायलॉनचा अडसर बांधतात.

बांधणी : रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात रूढ केलेली ‘वूली बगर’ ही माशी नवशिक्यास उत्तम. गळ व्हाइसमध्ये (पकडीत) घट्ट धरून दांड्यावर दोरा गुंडाळतात. मागे मॅराबू पिसांची शेपटी, तिच्या मुळाशी कोंबड्याच्या पिसाचे टोक आणि लोकरी शनील बांधतात. आधी शनील, मग पीस पुढे गुंडाळत नेऊन गळाच्या डोळ्याजवळ (छिद्राजवळ) गाठ मारतात. डोळ्यालगत थोडी जागा मोकळी ठेवणे आवश्यक. अन्यथा गाठ नीट बसत नाही. पाण्यात मॅराबू लवलवते व आमिष सजीव भासते.

बॉब क्लाउझर यांच्या ‘क्लाउझर मिनो’ या माशीत डंबेलसारखे जड डोळे दांड्याच्या वरच्या बाजूस बांधतात. त्यामुळे गळ उलटा होऊन टोक वर राहते आणि तळाशी कमी अडकते.