किरण मोजायला कोणी शिकवलं?

शायरीच्या दुनियेत नवा माणूस भेटला की आधी विचारतात, ‘तुमचे उस्ताद कोण?’ कविता नंतर ऐकतात. मी लिहितो मराठीत, पण घरात उर्दूचा वावर होता, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अंगवळणी पडला आहे. कोणाचाही हुन्नर पाहिला की मनात येतं, याला शिकवलं कोणी? आणि त्या शिकवणाऱ्याला?

माझे थोरले भाऊ कोकणातल्या एका इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन होते. आम्ही त्यांना भाई म्हणतो. कॉलेजच्या सुटीत मी कधीमधी त्यांचा डबा घेऊन जायचो. एक्स-रेच्या खोलीत दाराशेजारी एक खिळा होता आणि त्यावर एक छोटा चपटा बिल्ला लटकलेला असायचा. मी विचारलं, ‘भाई, हे काय?’ ते म्हणाले, ‘अंगावर किती किरण पडले ते यात मोजलं जातं.’ मी म्हटलं, ‘मग तो अंगावर का नाही?’ भाई हसले आणि डबा उघडायला लागले.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाचा आणि माझा संबंध वर्तमानपत्रापुरता. पण तो खिळा डोक्यातून गेला नाही. जी वस्तू दिसत नाही, जिला वास नाही, जी अंगावर पडली तरी कळत नाही, ती मोजायची कशी आणि तिच्यापासून जपायचं कसं, हे शिकवणारी माणसं मुळात होती कोण? पुढे सवडीनं वाचत गेलो, तेव्हा गंमत कळली. या विद्येच्या पहिल्या उस्तादांपैकी कोणीही ही विद्या शिकलेला नव्हता. जो तो दुसऱ्याच धंद्यातून आलेला होता.

रॉंटगेन यांनी १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, आणि वर्षभरात हात भाजल्याच्या, केस गळल्याच्या तक्रारी यायला लागल्या. तेव्हा ज्यानं खरी धोक्याची घंटा वाजवली, तो बॉस्टनचा एक दंतवैद्य होता. विल्यम रोलिन्स त्यांचं नाव. स्वतःचा हात भाजला, तेव्हा हे प्रकरण काय आहे ते त्यांनी तपासायला घेतलं. १९०१मध्ये त्यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की क्ष-किरणांनी प्राणी मरतो. त्या काळी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की भाजतं ते विजेनं, किरणांनी नव्हे. म्हणून या गृहस्थांनी विजेचा परिणाम पोचणार नाही अशी तजवीज करून प्रयोग केला. क्ष-किरणांच्या नळीभोवती शिशाचं कवच घाला, डोळ्यांना शिशाच्या काचेचा चष्मा लावा, रोग्याचा जेवढा भाग पाहायचा तेवढाच उघडा ठेवा, असं ते लिहीत राहिले. आज कुठल्याही एक्स-रे विभागात याच गोष्टी शिकवल्या जातात. रोलिन्स यांच्या वेळी मात्र फारसं कोणी ऐकलं नाही. मला वाटतं, दातांच्या डॉक्टरनं हाडांच्या डॉक्टरांना शहाणपण शिकवावं, हे कोणाला रुचलं नसावं.

यानंतर आले ते उस्ताद असे, की त्यांना आपण उस्ताद आहोत हे ठाऊकच नव्हतं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ऑरेंज नावाच्या गावी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावायचा कारखाना होता. १९१७पासून तिथे तरुण मुली कामाला होत्या. आकडे बारीक यावेत म्हणून ब्रशचं टोक ओठात धरून टोकदार करायचं, तसं त्यांना शिकवलेलंच होतं. दर वेळी थोडं थोडं रेडियम पोटात जायचं. ते कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून हाडात जाऊन बसतं. जबडे सडले, हाडं मोडली, मुली मेल्या. तिथल्या जिल्ह्याचे सरकारी वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५मध्ये कारण रेडियमच आहे हे पुराव्यानिशी मांडलं.

मग रॉब्ली इव्हान्स. हे भौतिकशास्त्रज्ञ, मिलिकन यांचे विद्यार्थी. त्यांचा मूळ अभ्यास विश्वकिरणांचा, म्हणजे आकाशातून सतत येणाऱ्या, अतिशय क्षीण अशा किरणांचा. तेच तंत्र वापरून त्यांनी जिवंत माणसाच्या शरीरात किती रेडियम आहे ते बाहेरून मोजायची रीत बसवली. १९४१मध्ये अमेरिकेच्या एका समितीनं ठरवलं की शरीरात एक मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहून जास्त रेडियम असता कामा नये. त्यासाठी आधार होता अवघ्या २७ माणसांच्या मोजमापाचा. इव्हान्स यांनी पुढे सांगितलंय, की समितीतल्या सगळ्यांना त्यांनी एक प्रश्न विचारला: तुमच्या स्वतःच्या बायकोच्या किंवा मुलीच्या अंगात किती रेडियम असलं तर तुम्हाला रात्री झोप लागेल? त्या उत्तरातून हा आकडा पक्का झाला. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. शास्त्राचा आकडा असाही ठरतो, हे मला माहीत नव्हतं.

आता खरी शाळा सुरू झाली ती शिकागोत, १९४२ साली. अणुबाँबच्या गुप्त कामासाठी तिथल्या विद्यापीठात एक प्रयोगशाळा उभी राहिली होती. तिचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन. नोबेल मिळवलेले, आणि तेही त्या वेळी विश्वकिरणांचेच अभ्यासक. अणुभट्टी चालू झाल्यावर जगात आजवर कधी नव्हता एवढा किरणोत्सार एका इमारतीत असणार होता. कामगारांना जपायचं कोणी? आरोग्य विभाग नेमला, त्याचे प्रमुख रॉबर्ट स्टोन हे रेडिऑलॉजिस्ट होते. पण मोजणारी माणसं हवी होती, आणि त्या विषयाचा पदवीधर जगात एकही नव्हता. कॉम्प्टननी मग आपल्याच ओळखीतली माणसं बोलावली. अर्नेस्ट वोलन आले, ते विश्वकिरणवाले आणि कॉम्प्टन यांचेच विद्यार्थी. कार्ल मॉर्गन १९४३मध्ये आले, तेही विश्वकिरणवाले, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहानशा कॉलेजात शिकवणारे. मॉर्गन यांनी आठवणीत लिहिलंय, की तुम्हाला ‘हेल्थ फिजिक्स’चं काम करायचंय, असं सांगितल्यावर ते म्हणाले, हे नाव मी कधी ऐकलेलं नाही. समोरून उत्तर आलं, आम्हीही नाही. नाव तसं मुद्दामच गोल ठेवलं होतं. किरणोत्सारापासून संरक्षण असं म्हटलं असतं तर गुप्त काम उघडं पडलं असतं.

विश्वकिरणवालेच का, याचं कारण साधं आहे. त्यांना मुंगीच्या पावलांचा आवाज ऐकायची सवय होती. डोंगरावर जाऊन, महिनोन् महिने बसून, मिनिटाला चार-दोन टिचक्या देणारी यंत्रं त्यांनी स्वतःच्या हातानं जोडलेली. त्यांना कमी मोजता येत होतं. जास्त मोजणं सोपं असतं, खरी विद्या कमी मोजण्यात आहे. वोलन यांनी शिकागोत कामगारांसाठी बिल्ला बसवला. आत फोटोच्या फिल्मचा तुकडा, वर धातूची पट्टी. फिल्म धुतल्यावर जेवढी काळी, तेवढे किरण अंगावर पडलेले. भाईंचा खिळ्यावरचा बिल्ला त्याच घराण्यातला.

पण सगळे तिथून आलेले नव्हते, आणि माझा जीव अडकला तो वेगळ्या माणसात. हर्बर्ट पार्कर. इंग्लंडमध्ये अॅक्रिंग्टन गावी जन्म, मँचेस्टरला शिक्षण आणि तिथल्याच कर्करोगाच्या इस्पितळात नोकरी. त्या काळी गाठीमध्ये रेडियमच्या सुया टोचत. त्या कशा मांडल्या म्हणजे गाठीच्या सगळ्या भागांना सारखे किरण मिळतील, याचं कोष्टक पार्कर यांनी राल्स्टन पॅटर्सन या डॉक्टरांबरोबर १९३४मध्ये केलं. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या इस्पितळांत ते वापरलं गेलं. मग ते अमेरिकेत सिअॅटलच्या इस्पितळात गेले, आणि तिथून १९४२मध्ये शिकागोला. या माणसानं आयुष्यभर किरण मोजले होते ते हवेत नव्हे, माणसाच्या मांसात. म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा होता. यंत्रात किती पडले, हे ठीक. पण शरीराला त्यांनी काय केलं? किरणांच्या जाती वेगवेगळ्या, सारख्याच मापानं त्या शरीराला सारखी इजा करत नाहीत. तो फरक धरून त्यांनी ‘रेम’ हे एकक काढलं. त्यातला शेवटचा ‘म’ मॅनचा, माणसाचा. आज आपण सिव्हर्ट म्हणतो, एक सिव्हर्ट म्हणजे शंभर रेम. १९४४पासून पार्कर हॅनफर्डच्या प्लुटोनियम कारखान्यात संरक्षणाचं काम पाहू लागले. आणि प्लुटोनियमची मर्यादा ठरवताना हाताशी आधार कशाचा होता? ऑरेंजच्या त्या मुलींच्या हाडांचा. दुसरा धडा कोणाजवळच नव्हता.

आपल्याकडे ही विद्या आली ती मुंबईला. होमी भाभा स्वतः विश्वकिरणांचे मोठे अभ्यासक, हा योगायोग मला फार आवडतो. तुर्भ्याला १९५६च्या ४ ऑगस्टला ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली, पुढच्या वर्षी प्रशिक्षणशाळा निघाली. तिथल्या हेल्थ फिजिक्स विभागाची धुरा सांभाळली अनिलकुमार गांगुली यांनी. ते रसायनशास्त्रज्ञ, किरण पाण्यातून जाताना पाण्याचं काय होतं, यावर त्यांचं संशोधन. रसायनवाला आला, तेव्हा नजर यंत्रावरून पाण्याकडे, गाळाकडे, माशाकडे गेली. मुंबईच्या समुद्रात किती किरणोत्सारी द्रव्य असलं तर चालेल, याचं गणित साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या विभागात झालं. समुद्रातून माशात आणि माशातून माणसात काय जातं, हे त्यात पाहावं लागतं. आम्हा कोकणातल्या माणसांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

१९६२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं तुर्भ्याला रेडिऑलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका सुरू झाली. देशभरच्या इस्पितळांतले किरणवैद्यकाचे भौतिकशास्त्रज्ञ आणि सुरक्षा अधिकारी पिढ्यान् पिढ्या तिथून आले. पहिल्यांदा असे उस्ताद तयार झाले, की ज्यांनी हाच विषय शिकून हाच विषय शिकवला. १९७५पासून फिल्मऐवजी टीएलडी बिल्ले आले. त्यातल्या चकत्या तापवल्या की उजेड देतात, आणि तो उजेड मोजायचा.

आता पुन्हा खिळ्याकडे येतो. भाईंचा बिल्ला एकदा मोजणीत खूप जास्त निघाला. पत्र आलं, खुलासा द्या. इस्पितळात धावपळ झाली. भाईंना एका वर्गाला पाठवलं. तिथे पहिले शिकवणारे भौतिकशास्त्राचे होते. त्यांनी फळा भरून गणित मांडलं, आणि ते बरोबरच असणार, पण भाईंना फक्त एक गोष्ट कळली, की अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या हिश्श्यावर येतात. दुसरे सर वयस्कर होते. एक्स-रेच्या डार्करूममध्ये फिल्म धुण्यापासून त्यांनी नोकरी सुरू केली होती. त्यांनी भाईंचं पत्र वाचलं आणि एकच विचारलं, ‘तुम्ही त्या महिन्यांत रजेवर होतात का? तेव्हा बिल्ला कुठे होता?’

भाई म्हणाले, ‘एप्रनवर, एक्स-रेच्या खोलीत.’ कोणी एक्स-रे काढला की किरण बिल्ल्यालाही लागत होते. भाई घरी आंब्याच्या राखणीला, आणि बिल्ला ड्यूटीवर.

गणिताच्या सरांना हे सुचलं नसतं असं मी म्हणत नाही. पण ज्यानं स्वतः एप्रन खिळ्याला टांगलेला असतो, तो आधी खिळा पाहतो.

गोष्ट इथे संपली असती तर मीही ती हसून सांगितली असती. त्या पत्राच्या धास्तीनं वरिष्ठांनी सगळे बिल्ले कपाटात कुलूपबंद केले. हरवले तर भरपाई, जास्त आले तर खुलासा, त्यापेक्षा कपाट बरं. दर तीन महिन्यांनी ते मोजायला जात आणि नवे येत. रडणारं मूल हलतं, फोटो बिघडतो, म्हणून भाई त्याचे पाय स्वतः धरायचे. वर्गातल्या त्या म्हाताऱ्या सरांनी बजावलं होतं, मूल तुम्ही धरू नका, त्याच्या नातेवाइकाला एप्रन घालून धरायला सांगा; तुम्ही रोज धरता, तो एकदाच धरेल. पण इस्पितळात एप्रन होता एकच, आणि घडी घालून ठेवल्यामुळे त्यालाही भेगा पडलेल्या.

२०१०च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट भंगारात फुटलं, एक माणूस गेला, तेव्हा भाई टीव्हीसमोर बसून होते. ते एवढंच म्हणाले, ‘त्या भंगारवाल्यांच्या वर्गाला कोण गेलं होतं?’

भाई आता निवृत्त आहेत, तब्येत ठीक आहे. गेल्या पावसाळ्यात ओल आली म्हणून त्यांची लोखंडी पेटी उन्हात काढली, त्यात बिल्ल्यांच्या मोजणीच्या कागदांची एक फाइल होती. मी पानं उलटली. त्या एका तिमाहीचा मोठा आकडा, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांना, वर्षानुवर्षं, भाईंच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. मी ती फाइल भाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, ‘हे कपाटाचं मोजमाप आहे, माझं नाही.’ मग त्यांनी फाइल पुन्हा पेटीत ठेवली.