कळव्याची खाडी आणि जिताड्याचे कालवण

श्रोतेहो, इतिहासाच्या व्याख्यानात मासळी कशाला, असे आपणांस वाटेल. पण कष्टकऱ्याचा इतिहास त्याच्या पातेल्यातच सापडतो.

जिताड्याचे पातळ कालवण घ्या. लसूण, हळद, टोमॅटो उकळावेत, मासा शेवटी सोडावा, वर कोथिंबीर घालावी. पांढरे मांस फार शिजले तर विरते. पूर्वी आंबटपणा चिंचेचा नाहीतर आमसुलाचा. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला, मिरचीही तिथलीच. मिरची लवकर घरची झाली, टोमॅटो इंग्रजी अमदानीत रुळला. जुनी माणसे त्याला बेलवांगे म्हणत.

१८५४ साली रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला गेली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले. गावोगावचा कामगार आला आणि कोळणीच्या पाटीतला मासा त्याच्या चुलीवर चढला.

आम्ही त्याच्यासाठी पगारवाढ मागितली, बोनस मागितला. कारखान्यांचे सांडपाणी खाडीत जात होते; ते मागणीपत्रात लिहायचे आम्ही राहिलो. मासळी घटली, तेव्हा कोळ्याची रोजी गेली आणि कामगाराचे स्वस्त कालवणही गेले. दोघांचे पातेले एकच, हे आम्हांला उशिरा उमगले. यापुढे मागणीपत्राचे पहिले कलम खाडीचे असावे.