पुस्तकांच्या फळीपासून पोस्टडॉकपर्यंत

१८३६ साली अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरीत वैद्यकाच्या पुस्तकांची एक फळी होती. बेथेस्डा इथली नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन तिच्यातून वाढली. पुण्या-मुंबईचा निवासी डॉक्टर प्रबंधासाठी रात्री जागून पबमेड चाळतो, ते याच ग्रंथालयाचं. मला मात्र या संस्थेचं मोठेपण तिनं घडवलेल्या माणसांत जास्त दिसतं.

जॉन शॉ बिलिंग्ज हे लष्करातले शल्यविशारद. यादवी युद्धानंतर ग्रंथालय त्यांच्या हाती आलं. १८७९ मध्ये त्यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची विषयवार सूची सुरू केली. जनगणनेची मोजदाद यंत्राकडून करून घ्यावी, ही कल्पनाही अभियंता हर्मन होलरिथला त्यांच्याकडूनच मिळाली. पंच कार्डांचं यंत्र पुढे त्यातून आलं. संगणक जन्मायच्या कितीतरी आधी या घराचं त्याच्याशी नातं जुळलं होतं. १९६४ मध्ये मेडलार्स या प्रणालीनं सूचीचं काम संगणकावर नेलं, १९७१ मध्ये ती सूची थेट संगणकावरून शोधता येणारी मेडलाइन आली.

यंत्रं आली, पण ती रुग्णाच्या कामी लावणार कोण? डॉक्टरला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला केसपेपर कळत नव्हता. हे अंतर तोडायला ग्रंथालयानं १९७२ पासून विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. स्टॅनफर्ड, कोलंबिया, व्हँडरबिल्ट, युटा, ओरेगन अशा ठिकाणी एमडी किंवा पीएचडी झालेली मुलं साधारण दोन-तीन वर्षं पोस्टडॉक म्हणून येतात. विद्यावेतन मिळतं, मार्गदर्शक मिळतो आणि मुख्य म्हणजे सवड मिळते. ओपीडी सांभाळून दुसरी विद्या शिकता येत नाही, हे ज्यानं ओपीडी केली आहे त्याला सांगायला नको.

काम कसलं, ते एका उदाहरणावरून कळेल. एक डॉक्टर ‘एमआय’ लिहितो, दुसरा ‘हार्ट अटॅक’, तिसरा ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’. माणसाला तिन्ही एकच वाटतात, संगणकाला तीन वेगळी. ग्रंथालयाच्या १९८६ मध्ये सुरू झालेल्या यूएमएलएस प्रकल्पानं अशा सगळ्या नावांना मिळून एकच क्रमांक दिला: सी००२७०५१. दहा हजार केसपेपरांतून हृदयविकाराचे रुग्ण वेचायचे, तर आधी हे जुळवावं लागतं. शिवाय ‘हार्ट अटॅक नाही’ असं लिहिलेला कागद चुकून त्या ढिगात गेला, तर पुढचं सगळं गणित बिघडतं. पोस्टडॉकचे महिनेच्या महिने अशा एका ‘नाही’पायी जातात, आणि ते जायलाच हवेत.

हे सगळं बहरलं ते डोनाल्ड लिंडबर्ग यांच्या काळात. पेशानं पॅथॉलॉजिस्ट असलेले लिंडबर्ग १९८४ पासून २०१५ पर्यंत संचालक होते. १९८८ मध्ये जनुकीय माहितीसाठी एनसीबीआय हे केंद्र उभं राहिलं. १९९० मध्ये तिथल्या संशोधकांनी इतरांबरोबर जनुकीय क्रम ताडून पाहणारं ‘ब्लास्ट’ हे साधन दिलं. १९९७ मध्ये मेडलाइनचा शोध घेणारं पबमेड सर्वांना फुकट खुलं झालं. त्याआधी मेडलाइनमध्ये शोध घ्यायला पैसे मोजावे लागत! २०१६ मध्ये पॅट्रिशिया ब्रेनन संचालक झाल्या. त्या परिचारिका आणि इंजिनिअरही. या पदावरची पहिली स्त्री आणि पहिली परिचारिका.

या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. विद्यापीठांतल्या त्या प्रशिक्षण अनुदानाच्या जागा अमेरिकी नागरिक आणि तिथले कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. त्यांसाठी अर्ज करून वर्ष घालवू नये. भारतीय पासपोर्टवाल्यांना वाट आहे ती प्राध्यापकांच्या स्वतःच्या संशोधन अनुदानातल्या जागांची, किंवा बेथेस्डातल्या व्हिजिटिंग फेलोशिपची. ती फेलोशिप पीएचडीनंतर संशोधनाची पाच वर्षं उलटायच्या आत गाठावी लागते. अशा पुष्कळ जागा थेट प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रातूनच जुळतात. त्यांचे अलीकडचे दोन निबंध नीट वाचावेत, आपण कोणती माहिती हाताळली आहे आणि तिच्यातली कोणती गाठ सोडवली, हे चार ओळींत लिहावं आणि पत्र धाडावं.