जॉर्ज टाउनमधील घर : भाव कमी, कागदांची परीक्षा कठीण

चेन्नई : उच्च न्यायालय, बंदर आणि सेंट्रल रेल्वे स्थानक यांच्या सान्निध्यात असलेल्या जॉर्ज टाउनमध्ये व्यापारी रस्त्यांलगतच्या जागा महाग असल्या, तरी आतल्या गल्ल्यांतील जुनी घरे व सदनिका अण्णा नगर किंवा अड्यारसारख्या वसाहतींच्या तुलनेत स्वस्त मिळतात. मर्यादित रकमेत शहराच्या मध्यभागी घर घेऊ पाहणाऱ्यांना हा भाग त्यामुळे खुणावतो. मात्र येथील कमी किमतीमागे बहुतेक वेळा इमारतीच्या वयाइतकेच मालकी हक्कातील गुंत्याचेही कारण असते.

वस्तीची जडणघडण

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेला विणकर आणि व्यापारी यांची वस्ती सतराव्या शतकात उभी राहिली. इंग्रज तिला ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. १७४६ मध्ये मद्रास फ्रेंचांच्या हाती गेले. १७४९ मध्ये ते परत मिळाल्यानंतर इंग्रजांनी किल्ल्यालगतची जुनी वस्ती पाडून तेथे मोकळे मैदान केले. आजचे उच्च न्यायालय त्याच परिसरात आहे. त्यानंतर मुत्तियालपेट आणि पेद्दनायकनपेट या भागांत वस्ती वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला जॉर्ज टाउन हे नाव मिळाले.

मराठी वाचकांना हा भाग परका नाही. तंबू चेट्टी रस्त्यावरील काळिकाम्बाळ मंदिरात छत्रपती शिवाजी महाराजांनी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी दर्शन घेतले, असे मंदिराची परंपरा सांगते. शेजारच्या ‘सौकारपेट’ या नावातील सावकार आणि पेठ हे शब्दही ओळखीचेच आहेत.

अरुंद व खोल भूखंड आणि एकमेकांना भिडलेल्या भिंती ही जुन्या रचनेची वैशिष्ट्ये आजही टिकून आहेत. नगर नियोजनाच्या नियमांत अशा भागांना ‘सलग बांधकाम क्षेत्र’ मानले जाते. घर पाडून नव्याने बांधताना शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार, अरुंद गल्लीतून साहित्य आणण्याचा खर्च आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरणारी उंची या तीन बाबींचा हिशेब आधीच करावा लागतो.

जमीन नेमकी कोणाची?

जॉर्ज टाउनमधील अनेक जागा मंदिरे व धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या मालकीच्या आहेत. अशा ठिकाणी विक्रेत्याकडे केवळ बांधकामाची मालकी असते आणि जमीन संस्थेची राहते. तमिळनाडूच्या १९५९ च्या हिंदू धार्मिक व धर्मादाय संस्था कायद्यानुसार, आयुक्तांच्या मंजुरीविना मंदिराची जमीन विकता येत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलेल्या भाडेकरूंना १९२१ च्या शहर भाडेकरू संरक्षण कायद्याने जमीन खरेदीचा हक्क दिला होता. परंतु १९९६ च्या दुरुस्तीने धार्मिक संस्थांच्या जमिनी त्यातून वगळण्यात आल्या. म्हणून जाहिरातीतील ‘घर’ या शब्दात जमीन धरली आहे की नाही, हे प्रथम विचारणे आवश्यक ठरते.

वडिलोपार्जित घरांत वारसांचा प्रश्न येतो. तमिळनाडूने २५ मार्च १९८९ पासून अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत समान हक्क दिला. २००५ मध्ये केंद्रीय कायद्याने विवाहित मुलींनाही तो मिळाला. एका भावाने परस्पर केलेली विक्री त्यामुळे पुढे न्यायालयात अडकू शकते.

किमान ३० वर्षांचा बोजा दाखला, मूळ खरेदीखतांची साखळी आणि शहर भूमापन नोंदवहीचा उतारा ही कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेणे हिताचे असते. हा उतारा महाराष्ट्रातील मालमत्ता पत्रकाच्या जवळचा आहे. बोजा दाखल्यात केवळ नोंदणीकृत व्यवहार दिसतात. नोंदणी न झालेली वाटणी किंवा ताबा त्यातून कळत नाही.

सदनिका घेताना

चेन्नईत जमीन ‘ग्राउंड’ या परिमाणात मोजण्याची रीत आहे. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. सदनिकेसोबत जमिनीचा अविभाजित हिस्सा विकला जातो. एका ग्राउंडवर सारख्या आकाराच्या सहा सदनिका असल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ४०० चौरस फूट जमीन येते. इमारत जुनी होते तसे बांधकामाचे मोल घटते, हा हिस्सा मात्र राहतो. त्यामुळे दोन सदनिकांची तुलना करताना चटईक्षेत्राबरोबर जमिनीचा हिस्साही पाहावा लागतो. २०२४ मध्ये अमलात आलेल्या अपार्टमेंट मालकी कायद्याने दोन तृतीयांश सदनिकाधारकांच्या संमतीने पुनर्विकासाचा मार्ग खुला केल्याने या हिश्श्याचे महत्त्व वाढले आहे.

आणखी एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर प्रकल्पाची रेरा नोंदणी बंधनकारक नसते. जॉर्ज टाउनमधील बहुतांश भूखंड छोटे असल्याने तेथील नवी बांधकामे या सवलतीत बसू शकतात. अशा वेळी नोंदणीचे संरक्षण मिळत नाही आणि मंजूर नकाशा व काम पूर्ण झाल्याचा दाखला खरेदीदारालाच तपासावा लागतो.

खर्च आणि भाडे

जुन्या घराच्या खरेदीवर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि २ टक्के नोंदणी शुल्क लागते. ५० लाख रुपयांच्या घरावर ही रक्कम साडेचार लाख रुपये होते. नव्या सदनिकेच्या पहिल्या विक्रीवर १ डिसेंबर २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंत एकूण ६ टक्के, तर त्यापुढे ३ कोटी रुपयांपर्यंत ७ टक्के आकारणी होते.

भाड्याची मागणी प्रामुख्याने बाजारपेठेवर अवलंबून आहे. कोत्तवाल चावडीचा भाजी बाजार १९९६ मध्ये कोयंबेडूला हलला, तरी कागद, कापड, सुटे भाग आणि दागिन्यांचा घाऊक व्यापार येथे टिकून आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये हायकोर्ट आणि मन्नडी ही मेट्रो स्थानके सुरू झाल्याने ये-जा सोपी झाली. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला लागू झालेल्या भाडे कायद्याने लेखी करार व त्याची भाडे प्राधिकरणाकडे नोंद आवश्यक केली. जुना भाडेकरू राहत असलेले घर घेताना मुंबईतील पागडीच्या घरांचा अनुभव आठवावा. कागदावर मालकी मिळाली, तरी ताबा मिळण्यास वर्षे लागू शकतात. म्हणून घर रिकामे करून ताबा देण्याची अट विक्री करारातच नोंदवणे आणि ताबा मिळेपर्यंत रकमेचा काही भाग राखून ठेवणे खरेदीदाराच्या हिताचे ठरते.