ओरिजिनल, डुप्लिकेट आणि कॉम पोर्ट

उल्हासनगर म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कॅम्प १ मधल्या माणसाने किती वेळा ऐकला असेल त्याची गणतीच नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला सी. राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पुढे लोकांनी हाताला लागेल ते बनवलं आणि विकलं. त्यात नक्कल होती? होती की. नाकारायचं कशाला?

पण आजची गोष्ट नखाएवढ्या डुप्लिकेट मालाची आहे, आणि तो उल्हासनगरचा नाही बरं का!

आमच्या गल्लीतला डिप्लोमा करणारा एक मुलगा परवा लॅपटॉप घेऊन आला. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला आर्डुइनो नॅनो, त्याला तापमानाचा सेन्सर. स्क्रीनवर आकडे यायला हवेत, तर तिथे इंग्रजीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा: 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड!' "दादा, ही ओळ मी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलीच नाही. व्हायरस आहे का?"

व्हायरस नाही. पण हे समजायला जरा मागे जावं लागेल.

सिरियल पोर्ट हे मुळात तारखात्याचं अपत्य. टेलिप्रिंटर नावाचं धूड एक अक्षर आलं की यंत्रणा फिरवायचं, छापायचं आणि थांबायचं. म्हणून प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट आणि नंतर स्टॉप बिट. ती प्रथा आजही तशीच! ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरंच जातात, कारण आठ बिटांच्या अक्षरामागे दोन बिटं या जुन्या यंत्राच्या नावाने खर्ची पडतात. बॉड हा शब्दसुद्धा एमिल बोदो या फ्रेंच तारवाल्याच्या नावावरून आलाय. आणि लिनक्समध्ये बोर्ड 'टीटीवाययूएसबी०' म्हणून दिसतो ना, त्यातलं टीटीवाय म्हणजे टेलिटाइप. १९६० मध्ये आरएस-२३२ हे मानक आलं, १९८१ च्या आयबीएम पीसीने त्याला 'कॉम १' म्हटलं, आणि मोडेम, माऊस, कारखान्यातली यंत्रं सगळी त्या पोर्टवर बोलू लागली.

मग १९९६ मध्ये यूएसबी आली. (तिच्या शिल्पकारांपैकी एक, इंटेलचे अजय भट्ट, बडोद्याचे!) पुढच्या दहाएक वर्षांत लॅपटॉपवरून जुना पोर्ट गायब झाला. पण सॉफ्टवेअर जुनंच, त्याला कॉम पोर्टच हवा. उपाय असा निघाला की मधे एक चिप बसवायची. ती एका बाजूला यूएसबी बोलते, दुसऱ्या बाजूला सिरियल, आणि ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो की हा बघ तुझा कॉम पोर्ट. म्हणजे पोर्ट आभासी! यात नाव कमावलं ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीने. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेयात आर्डुइनो सुरू झाला, आणि त्याच्या बऱ्याच बोर्डांवर हीच चिप होती.

आभासी असला तरी पोर्टने जुन्या खोडी सोडल्या नाहीत. विंडोजमध्ये कॉम १ ते ९ ही नावं डॉसच्या काळापासून राखीव, १० च्या पुढे प्रोग्रॅमला नाव वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं, आणि अनेक सॉफ्टवेअर ते लिहीतच नाहीत. पवईला आयआयटीत विद्यार्थ्यांसाठी एक छोटं हीटर-पंख्याचं यंत्र बनवलं, संगणकावरच्या सायलॅबमधून चालणारं. त्याच्याही सूचनांमध्ये पोर्टचा नंबर एक आकडीच ठेवा असं आहे. पोरं बिचारी वायरी तपासत बसतात, आणि दोष असतो 'कॉम १३' मध्ये!

असो. एफटीडीआयची चिप महाग, मग नक्कल आली. गंमत म्हणजे वर नाव तेच छापलेलं, आत रचना पूर्ण निराळी. २०१४ मध्ये एकांनी चिप सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आत एक साधा मायक्रोकंट्रोलर निघाला, ओरिजिनलची नक्कल करायला शिकवलेला. मी तर म्हणेन यालाही डोकं लागतं!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघरी पोचला. तो चिपच्या मेमरीत तिचा ओळख क्रमांक शून्य लिहायला जायचा. खरी चिप जोडीतला दुसरा भाग आल्याशिवाय काही लिहीत नाही, त्यामुळे तिला काहीच व्हायचं नाही. नकली मात्र आज्ञाधारक, लगेच लिहून मोकळी! ओळख पुसली की ती कुठल्याच संगणकाला ओळखू येईना. आरडाओरडा झाला, काही दिवसांत ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सवाल्यांनी तर तो शून्य क्रमांकही आपल्या ड्रायव्हरमध्ये घालून टाकला, नाव दिलं 'ब्रिक'.

२०१६ मध्ये कंपनीने जरा सौम्य मार्ग काढला. चिप मारायची नाही, तिच्या डेटाच्या जागी ते वाक्य घुसवायचं. आमच्या मुलाच्या स्क्रीनवर होतं तेच.

आता कंपनीची बाजू मला कळते. स्वतःचं नाव दुसऱ्याच्या मालावर कुणाला आवडेल? पण शिक्षा कुणाला झाली? बनवणाऱ्याला नाही, विकणाऱ्यालाही नाही. ज्याने बोर्ड विकत घेतला आणि ज्याला त्यावर एफटीडीआयची चिप आहे हेही माहीत नव्हतं, त्याला. तापमानाच्या जागी भलतंच वाक्य घुसवणं हे सौम्य म्हणायचं, तर असा बोर्ड एखाद्या यंत्रावर लागला असेल तर काय, हा विचार करून बघा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

बाजाराने आपला मार्ग शोधलाच. नानजिंगच्या एका कंपनीची सीएच३४० चिप स्वस्त आहे, आणि ती स्वतःच्याच नावाने विकली जाते. आज स्वस्त नॅनोवर बहुधा तीच असते. तिचेही नखरे आहेत. २०२२ च्या उबुंटूमध्ये अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राचा प्रोग्रॅम तिला आपलंच यंत्र समजून पोर्ट पळवायचा! पण निदान ती दुसऱ्याचं नाव लावत नाही.

मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, त्याला डायलआउट गटात घेतलं (नाहीतर पोर्टला हात लावू देत नाही), आणि आकडे यायला लागले. लिनक्सचा ड्रायव्हर असली-नकली विचारत नाही. तो म्हणाला, "दादा, पण बोर्ड डुप्लिकेटच ना?" हो रे. सबमिशन सोमवारी आहे, तोवर चालेल.