अदृश्य कवचाचें माप

सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेविले, तर तें पाणी पिवळें न दिसतां माणकासारखें लाल दिसतें. मायकेल फॅरडे यांनीं १८५७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें अशा लाल द्रावाचें विवेचन केलें. त्यांच्या हातचे कांहीं नमुने तेथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्यापि जपून ठेविलेले आहेत. या द्रावांत मीठ पडतांच कण एकमेकांस चिकटतात, लाल रंग जाऊन निळा येतो आणि अखेर सोनें तळाशीं बसतें. मात्र आधीं थोडें जिलेटिन मिसळलेलें असलें, तर मिठाचें कांहीं चालत नाहीं. जिलेटिन प्रत्येक कणास जणूं अंगरखाच घालतें.

हा अंगरखा डोळ्यांस दिसत नाहीं. मग तो पुरेसा आहे कीं नाहीं, हें ठरवावें कसें? व्हिएन्ना येथें १८६५ सालीं जन्मलेले रिचर्ड झिग्मोंडी यांनीं १९०१ सालीं याचें उत्तर दिलें. कवच पाहण्याच्या खटपटींत न पडतां, तें जेथें हार खातें त्या क्षणासच त्यांनीं माप केलें. लाल द्राव १० घन सेंटिमीटर घ्यावा. त्यांत तपासावयाचा पदार्थ मोजून घालावा. नंतर शेंकडा १० मिठाचें पाणी १ घन सेंटिमीटर ओतावें. रंग पालटणें थांबविण्यास पदार्थाचे जितके मिलिग्रॅम नेमके अपुरे पडतात, तो त्याचा 'सुवर्णांक'. अंक जितका लहान, तितकें रक्षण मोठें. जिलेटिनचा अंक सुमारें ०.००५ ते ०.०१ आहे, अरबी डिंकाचा ०.१५ ते ०.२५. म्हणजे त्याच कामास डिंक निदान पंधरापट लागतो. पुढें १९२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक झिग्मोंडी यांस मिळालें.

हाच प्रश्न आज रंगाच्या कारखान्यांत उभा आहे. पांढऱ्या रंगांतील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण गोळा झाले, कीं भिंत झांकण्याची त्यांची शक्ति घटते. म्हणून लॅटेक्स नांवाच्या दुधाळ द्रावांत कणांभोंवतीं पॉलिमरचें वेष्टण वाढवितात. परंतु सर्व पॉलिमर कणांवर बसत नाहीं. कांहीं भाग स्वतंत्र गोळ्या करून तरंगत राहतो. तो वेगळा काढून उरलेला भाग वाळवावा व तापवावा. पॉलिमर जळून जें वजन घटतें, तें कणांस चिकटलेल्या पॉलिमरचें.

येथेंही एक फसगत आहे. वजन केवळ सरासरी सांगतें. कांहीं कणांवर जाड वेष्टण आणि कांहीं कण अगदीं उघडे असले, तरी आंकडा तोच येतो. यास्तव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें कण प्रत्यक्ष पाहावे लागतात. रंगद्रव्य आम्लांत विरघळणारें असेल, तर आम्ल ओतून किती भाग शाबूत राहतो तें पाहतात. झिग्मोंडींच्या मिठाचें काम तेथें आम्ल करितें. कवच खरें कीं खोटें, याचा निवाडा अखेर त्यावर घाव घातल्यावरच होतो.